आप्पांना डोनटचं दुकान हवंय

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी आप्पांनी रजा घेतली नाही. त्यांची पहिली पाळी होती. आई, मामा, दोन गच्च भरलेल्या बॅगा आणि मी, अशी आमची भाड्याची जीप खालापूरहून विमानतळाकडे निघाली आणि वाट वाकडी करून रसायनीत आप्पांच्या केमिकल कंपनीच्या गेटसमोर थांबली. आप्पा खाकी कपड्यांत तिथेच उभे होते. मला वाटलं, आता जवळ घेतील, डोळे पुसतील. त्यांनी मला समोरच्या टपरीच्या बाकड्यावर नेऊन बसवलं, चहा आणि बनपाव सांगितला, आणि तिथल्या माणसांना म्हणाले, "ही आमची सुमी. आज चाललीय." काही माणसं रात्रपाळी संपवून घरी निघालेली, काही आत जायच्या तयारीतली. सगळी माझ्याकडे बघून हसली. एकाने सरकून मला नीट जागा करून दिली. "खा गं पोटभर," आप्पा म्हणाले, "तिकडं काय मिळंल, काय नाय." मग भोंगा झाला आणि ते आत गेले.

मला फार राग आला होता. लोकांचे बाप विमानतळावर हुंदके देतात, आणि माझा बाप मला कंपनीच्या गेटवर बनपाव खायला घालून हजेरी लावायला पळाला. हा राग मी न्यू जर्सीच्या थंडीतही बरीच वर्षं जपून ठेवला होता.

हे मी माझ्यासारखे जे गेले त्यांच्यासाठी लिहितेय, आणि ज्यांना मागे ठेवून आम्ही गेलो त्यांच्यासाठीही. गेल्या जानेवारीत गावी मला एकामागून एक असे धक्के बसले की मी अजून सावरलेली नाही. मनात ठेवलं तर फुटेन, म्हणून लिहून टाकते.

आम्ही एडिसनला राहतो. ड्राइव्हवे आहे, तळघर आहे, पार्किंग लॉटएवढं मोठं ग्रोसरीचं दुकान आहे. इथल्या मराठी मंडळात मी गावाबद्दल बोलायला उभी राहिले की बायका पदर नसतानाही डोळ्यांना काहीतरी लावतात. शेताचा बांध, तांदळाची भाकरी, डोंगराची सावली, सगळं मी सांगते आणि छान सांगते. आईबाप म्हणजे माती, ती उपटून दुसरीकडे रुजत नाही, असं मी अगदी खात्रीने सांगत आलेय. तुमच्यातल्या कितीकांनी माना डोलावल्या असतील.

आई गेली तेव्हा आप्पा एकटे पडले. मी एकुलती एक. त्यांचा व्हिसा काढून त्यांना एडिसनला घेऊन आले. सहा महिने राहायची परवानगी होती. महेश, माझा नवरा, सकाळी सातला निघतो, मी त्याच्या मागोमाग. दिवसभर आप्पा एकटे. पण ते पहाटेच उठून फिरायला जायचे, चार गल्ल्यांवरच्या डोनटच्या दुकानापर्यंत. आल्या आल्या मी त्यांना डोनट म्हणजे काय ते सांगितलं होतं, मैद्याचा गोड वडा, मध्ये भोक. आप्पांनी तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "आपल्या कर्जतचा वडावाला आत भरून देतो. हे काढून घेतात व्हय?" मी हसले, आणि साखरेवरून दोन शब्द सुनावलेही. रोज संध्याकाळी विचारायचे, "आप्पा, करमतं ना?" ते म्हणायचे, "करमतंय की." मला ते खोटं वाटायचं. बाप कधी तक्रार करतो का?

आणि मग झाडांची पानं लाल व्हायला लागली तेव्हा, निम्मा मुक्कामही झाला नसताना, एका रात्री जेवताना ते म्हणाले, "सुमे, कापणी आली. जायाला हवं."

आमच्याकडे हे कारण म्हणजे शेवटचा शब्द असतो. लग्नातून निघायचं असो, दुखवट्यातून निघायचं असो, पाहुण्याने कापणी आली म्हटलं की यजमानाने आग्रह सोडायचा आणि शिदोरी बांधायची. भात पिकून उभं असेल तर माणसाला अडवणं म्हणजे पाप. लहानपणापासून हे ऐकत आलेले. शेत आप्पांनी शेजारच्यांना अर्धेलीने, निम्म्या पिकाच्या बोलीवर, लावलेलं होतं हे मला ठाऊक होतं, पण कापणीला मालक समोर हवा, हेही ठाऊक होतं. मी एका शब्दाने विचारलं नाही. उलट मंडळात जाऊन सांगितलं, बघा, मातीने बोलावलं.

ते परत गेले, आणि नंतर गुडघे गेले. गावातल्या घरात एकटं राहणं जमेना. मग मी कर्जतच्या रस्त्याला ज्येष्ठांसाठीच्या एका नव्या वसाहतीत त्यांना खोली घेऊन दिली. लिफ्ट, डॉक्टर, सकाळी योगासनं, जेवण दारात. आणि मुद्दाम अशी खोली, जिच्या खिडकीतून आमच्या गावामागचा डोंगर दिसतो. तिथे राहणारे सगळे मुंबईचे, रिटायर होऊन हवा खायला आलेले. आमच्या आप्पांना मात्र आपलाच डोंगर खिडकीत मिळाला. या खिडकीचा फोटो मी किती जणांना पाठवला असेल, सांगता सोय नाही.

गेल्या जानेवारीत मी आले. दार उघडलं आणि पहिलं काय दिसलं? आप्पांनी खुर्ची फिरवून ठेवली होती. डोंगराकडे पाठ आणि तोंड गॅलरीच्या दारातून दिसणाऱ्या गेटकडे. मी म्हटलं, "आप्पा, अहो डोंगर!" ते म्हणाले, "त्यो कुठं जातोय?"

दुसऱ्या दिवशी खालच्या हॉलमध्ये सभा होती. गेटजवळ एक गाळा रिकामा पडलेला, त्यात काय काढावं यावर. व्यवस्थापक तरुण, गोड बोलणारा. एकाने औषधांचं दुकान सुचवलं, एका बाईंनी इस्त्रीवाला, मागून कुणीतरी गणपतीचं छोटं देऊळ. आणि माझ्या शेजारचे आप्पा, जे आयुष्यात ग्रामसभेतही कधी बोलले नाहीत, ते गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले.

"डोनटचं दुकान काढा," ते म्हणाले. "सकाळी सहाला उघडणारं."

हॉलमध्ये हशा पिकला. मला कानावर विश्वास बसेना. आमचे आप्पा, डोनट, कर्जतच्या रस्त्याला! व्यवस्थापक हसत म्हणाला, "आप्पा, डोनट? आणि तुमची शुगर?"

आप्पा हसले नाहीत. "मी खायाला नाय मागत," ते म्हणाले. "बसायला मागतोय."

हशा तिथेच विरला. एक पारशी आजोबा मागच्या रांगेतून हळूच टाळी वाजवायला लागले. सभा औषधांच्या दुकानावर संपली, हे सांगायला नकोच.

वर आल्यावर मी त्यांच्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसले आणि म्हटलं, आता सांगा. त्यांनी सांगितलं. माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर, माझ्याच एडिसनमध्ये, माझा बाप एक अख्खं आयुष्य जगत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. शेजारच्या गोदामातली रात्रपाळी पहाटे सुटायची ती माणसं त्या दुकानात यायची. "डोळे बघितलं नि वळखलं," आप्पा म्हणाले, "रातपाळीचं डोळं सगळीकडं सारखंच." काउंटरवरची बाई त्यांना बघून कॉफी ओतायलाच लागायची. त्यांना फक्त "शेम" म्हणावं लागायचं, म्हणजे कालचंच. आणि स्टॅन नावाचा एक म्हातारा, खुणांनी कळलं त्याप्रमाणे बायको गेलेला, रंगाच्या कारखान्यातून रिटायर झालेला. पहिल्या दिवशी त्याने आप्पांच्या मनगटावरचा ॲसिडचा डाग पाहिला, आणि स्वतःची बाही वर करून आपला डाग दाखवला. मग दोघांनी कॉफी घेतली.

"काय बोलायचात तुम्ही?" मी विचारलं.

"काय बोलायचं? त्यो त्याच्या भाषेत बोलायचा, मी माझ्या. खिडकीजवळची खुर्ची त्यो माझ्यासाठी धरून ठेवायचा. उशीर झाला की घड्याळ दाखवायचा, आमच्या फोरमनसारखा."

मला ते बाकडं आठवलं. बनपाव, सरकून जागा देणारा माणूस, भोंगा. त्या दिवशी त्यांनी मला गेटवर उरकलं नव्हतं. त्यांच्या सगळ्यात आपल्या जागी त्यांनी मला नेऊन बसवलं होतं, आणि मी तो बनपाव अर्धाच खाऊन उठले होते.

एवढं कमी होतं म्हणून संध्याकाळी कमळाकाकी आली. आमची गावची शेजारीण, जिच्या घरच्यांना शेत अर्धेलीने दिलेलं. वालाच्या शेंगा पिशवीभर घेऊन आली होती, लिफ्टला घाबरून जिन्याने चढलेली. आप्पा खाली डॉक्टरकडे गेलेले. मी शेंगा सोलता सोलता सहज म्हटलं, की बघ ना काकी, त्या साली कापणीसाठी आप्पा धावत परत आले नसते तर अजून तीनेक महिने माझ्याकडे राहिले असते.

काकीचा हात थांबला. "कसली कापणी गं? त्या साली शेत पडीक नव्हतं का? आमचा पोरगा कंपनीत लागला, लावणीच केली नाय आमी. तुझ्या बापाला ठावं हाय की."

मी शेंगा जोरजोरात सोलायला लागले. काकीला वाटलं मी रागावले. ती गडबडीने म्हणाली, "आता लेकीच्या घरी माणूस किती दिस ऱ्हाणार? जावय सोन्यासारखा हाय, पण घर जावयाचं. तुझा बाप मला म्हनला व्हता, तितं लई बरं वाटाया लागलं, म्हनून आलो. अजून ऱ्हायलो असतो तर पाय निघाला नसता."

बरं वाटायला लागलं म्हणून आलो! मी मंडळात माइक धरून मातीची भाषणं ठोकत होते आणि मातीने कुणाला बोलावलं नव्हतं. शेतात गवत माजलं होतं. माणूस करमत नाही म्हणून पळतो हे मला समजतं. हा माणूस करमतंय म्हणून पळाला, आणि जाताना मला न मोडता येणारं एकच कारण देऊन गेला. मला रडू यायला हवं होतं, पण मी इतकी हबकले होते की शेंगांची सालं दाण्यांच्या भांड्यात टाकत राहिले. काकीने ती एकेक करून वेचून काढली.

उरलेले दिवस रोज पहाटे गॅलरीतून पाहत होते. आप्पा सहाला खाली उतरायचे आणि रिकाम्या गाळ्याच्या पायरीवर बसायचे. रात्रीचा वॉचमन जायचा, दिवसाचा यायचा. दोघे आप्पांना सलाम ठोकायचे, आणि अमेरिकेतल्या मॅडमच्या वडिलांशी काय बोलायचं म्हणून गप्प राहायचे. थोड्या वेळाने नाश्त्याची ट्रॉली फिरायची आणि कुणीतरी त्यांना हाताला धरून, अगदी प्रेमाने, वर आणून सोडायचं.

निघायच्या दिवशी गाडी खाली उभी होती. मी बॅग दाराशी ठेवली आणि म्हटलं, "आप्पा, चला माझ्याबरोबर. आज नाही, पण तिकीट काढते. तुमचा व्हिसा आहे अजून. सहा महिने तिकडे, मग हवं तर इकडे."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाठीमागच्या त्या डोंगराकडे कितीतरी दिवसांनी मान वळवली आणि म्हणाले, "आता कसं येऊ गं? कापणी आली."

जानेवारी महिना. खाली शेतांत वाल उभा. भात कधीच घराघरांत गेलेलं. आमचं शेत तर आदल्याच वर्षी विकूनही झालं, कागदांवर माझीच सही होती. हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक. तरी खरं सांगते, माझा हात सवयीने बॅगेकडे गेला. आमच्याकडे या वाक्यानंतर पुढे काही बोलायचंच नसतं.

मग माझा मीच हात मागे घेतला.

"कुणाची कापणी, आप्पा?"

आप्पा दचकले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं दचकलेलं पाहिलं. हा प्रश्न आमच्या घराण्यात कुणी कुणाला विचारला नसेल. त्यांनी धोतराचा सोगा उगाच सारखा केला.

"महेशरावांना काय वाटंल?" शेवटी ते म्हणाले.

"तो दर रविवारी विचारतो, आप्पा कधी येणार. त्याला ड्राइव्हवेतला बर्फ काढायला माणूस हवाय."

ते हसले नाहीत. खाली ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला. मी खिडकीतून हात करून त्याला थांब म्हटलं आणि त्यांच्याजवळ बसले. घर म्हणजे काय, हे लोकांना इतकी वर्षं समजावून सांगणाऱ्या मला ते त्या क्षणी पहिल्यांदा समजत होतं. माझ्यासाठी घर म्हणजे तो डोंगर, जो मला फोटोत लागतो. आप्पांसाठी घर म्हणजे पहाटे कुणीतरी सरकून दिलेली जागा. ती कंपनीच्या गेटवर होती तेव्हा ते रसायनीचे होते, आणि एडिसनला सापडली तेव्हा ते एडिसनचे झाले होते. आणि मी त्यांना आणून बसवलं होतं ते डोंगरासमोर.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, डाग असलेला.

"सुमे, ती खिडकीजवळची खुर्ची कुणी घेतली असंल का गं?" त्यांनी विचारलं. "आन स्टॅन येत असंल का अजून?"

इतकी वर्षं त्या गावात राहून मी त्या दुकानात एकदाही बसले नव्हते. मी गाडीत बसूनच खिडकीतून कॉफी घेऊन निघायचे.