स्टेअरिंगवर बसायची ती गीताबाई

मार्गासनी फाट्यावर माझं चहाचं दुकान. समोर सोपान मिस्त्रीचं गॅरेज व्हतं, आता त्याला कुलूप हाय. लोक माझ्या बाकड्यावर बसत्यात आन उसासे टाकत्यात, "साळूबाई, मिस्त्री गेला आन जुन्या जिपांना वाली उरला न्हाई." असंल बाबा. पण त्याच्या बायकोचं, गीताबाईचं नाव कुणी काढत न्हाई, तवा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाती.

जुन्या जीपचं स्टेअरिंग ढिलं झालं, की एकट्या माणसाला त्यातलं काय कळत न्हाई. गाडी चाकांवर उभी ठेवून एकानं वर बसायचं आन स्टेअरिंग जरा डावं, जरा उजवं हलवत ऱ्हायाचं. दुसऱ्यानं खाली झोपून बघायचं, हलतंय कुठं. स्टेअरिंगच्या बॉक्समधी ढिलं असंल, चाकांकडं जाणाऱ्या दांड्यांच्या सांध्यात असंल, न्हाईतर स्प्रिंगच्या पाट्यांच्या रबरी बुशात. बाकीचे मिस्त्री बॉक्सवरचा एक स्क्रू पिळायचे आन गाडी हातात द्यायचे. मग स्टेअरिंग जड व्हायचं, वळणावरनं परत सरळ यायचं न्हाई, आन मूळ खोड तशीच. सोपाननं असली थुकपट्टी कधी केली न्हाई, तेवढं म्या कबूल करते. तो खाली झोपायचा. आन वर कोण? गीताबाई.

लग्न होऊन आली तवापासनं तेच. पोरगी मांडीवर घेऊन स्टेअरिंग हलवलंय तिनं. तव्यावरची भाकरी टाकून उठलीय. खालनं हा वरडायचा, "हळू की! मुसळानं कांडतीस का काय?" पुढं पुढं तर तिच्या हातालाच कळायला लागलं. वरनं म्हणायची, "अवो, मधीच रिकामं लागतंय, बॉक्स हाय." न्हाईतर, "कट्‌कन हाताला लागतंय, सांधा गेलाय." "गप बस, मला बघू दे," हा म्हणायचा. बघितलं की तेच निघायचं. गिऱ्हाइकापुढं मात्र छाती काढून, "म्या लगेच वळखलं!"

एकदा माझ्यासमोर तिनं इचारलं, "एवढी वर्सं नुसती बसते, एकदा चालवायला शिकवा की." तो चहा पिता पिता हसला. "तुला कुठं जायाचंय?" दुसऱ्यांदा इचारलं तर म्हणला, फाट्यावर लोक हसतील मला. तिसऱ्यांदा तिनं इचारलं न्हाई. पण कुठली बाई गाडी चालवत गेली, की हिची मान ती दिसंनाशी होईस्तवर वळायची. म्या बघायची ना रोज.

वर डोंगरात संजयचं पाहुण्यांना राहायचं ठिकाण हाय, तंबूबिंबू. तितं मोबाईल लागत न्हाई, म्हणून पुण्याची माणसं मुद्दाम येत्यात. पाहुण्यांना फिरवायला त्यानं जुनी जीप घेतलेली. गेल्या उन्हाळ्यात ती सरळ रस्त्यावर पण इकडं तिकडं वढायला लागली, म्हणून त्यानं सोपानला बोलावलं. सोपान बायकोला मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन गेला. संजय गाडी दाखवून सामान आणायला दुसऱ्या गाडीनं वेल्ह्याला गेला. त्या दिवशी पाहुणे नव्हते, मागं ही दोघंच; पुढचं मला गीताबाईनंच सांगितलं.

"डाव्या चाकाकडचा सांधा वाटतोय," तिनं वरनं सांगितलं. खालनं पाना खळकन पडल्याचा आवाज आला. उतरून बघती तर हा सरपटत बाहेर येतोय, घामानं भिजलेला, हात छातीवर. ती म्हणली, "म्या पळत फाट्यावर जाते." तो म्हणला, "तवर म्या टिकत न्हाई. गाडी हाय की. बस वर."

कपाळ माझं! ज्यानं उभ्या जन्मात चावीला हात लावू दिला न्हाई, तो शेजारच्या सीटवर पडून शिकवायला लागला. डाव्या पायाखाली क्लच हाय, तो दाब. गिअर पुढं ढकल. पाय हळूहळू सोड. हिनं पाय एकदम सोडला, जीप बेडकावानी उडाली आन बंद पडली. परत चालू केली, परत बंद. तो एका एका शब्दाला दम घेत सांगतोय. शेवटी निघाली जीप. पुढं उतार. सांधा तर ढिलाच; हिनं स्टेअरिंग वळवलं, गाडी वळंना. आणखी वळवलं, तर सगळी एकदम वळली आन पुढचं चाक चरात गेलं. ती उतरली आन अनवाणी पळत सुटली.

माझ्या दुकानासमोर येऊन पडली तवा पायाची सालटं निघालेली. म्या रस्त्यात मधोमध उभं राहून टेम्पो अडवला. आमी वर पोचलो, तवर सगळं संपलं व्हतं. सोपान तसाच सीटवर बसलेला, मान खाली.

पोरगी दीपमाला भोरहून आली, तितं नोकरीला हाय. आईच्या गळ्यात पडून इचारलं, "आई, आबा शेवटी काय म्हणाले गं?" गीताबाई म्हणली, "तुझं नाव घेतलं. माझ्या दीपाला जप म्हणले." पोरगी लई रडली, मग जरा शांत झाली. संजय त्यांच्या अंगणात बसून लोकांना सांगत व्हता, "काय पण नशीब बाईचं! शेवटाला धनी जवळ व्हता." वाटलं, चहाचं उकळतं पातेलं त्याच्या डोक्यावर उपडं करावं.

दुखवट्याला आलेले पाहुणे पांगल्यावर एका दुपारी ती माझ्या बाकड्यावर येऊन बसली. चहाला हात लावला न्हाई.

"साळू, दीपाला म्या खोटं सांगितलं," ती म्हणली. "गाडी चरात गेली ना, तवा त्यांनी माझ्याकडं बघितलं. तुला न्हाई जमायचं, म्हणले. त्यानंतर काय बोललेच न्हाईत."

म्या भडकले. भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत वरडले, "अगं, मेल्यानं शिकवलं कवा तुला? एवढी वर्सं हातात स्टेअरिंग दिलं आन पायाखालचं काय दाखवलं का?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"पण न्हाईच जमलं की गं," ती म्हणली.