राणीसाहेबांची काळी चार

चष्म्याच्या त्या दुकानात कुणी "राणीसाहेब" अशी हाक मारली की नवं गिऱ्हाईक दचकून मागे वळून बघतं. मागे कुणीच नसतं. काउंटरपलीकडे पन्नाशीची, जरा ठेंगणी, केसांत दोन पेन खोचलेली एक बाई कुणाच्या तरी चष्म्याची काडी चिमट्यात धरून स्क्रू पिळत असते आणि मान वर न करता म्हणते, "बसा, आलेच." त्याच राणीसाहेब.

राज्य म्हणाल तर दहा बाय बाराचं. मागच्या खोलीत नवरा मशीनवर काचा घासतो, पुढे राणीसाहेब गिऱ्हाइकांकडून तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतात. पण रविवारी दुपारी हीच बाई नाटकगृहात मुकुट घालून उभी राहते. महालातून पळून नावाडीण झालेल्या राणीचं संगीत नाटक, आणि अठरा वर्षं राणी हीच. दुसऱ्या अंकात नावेतून निघालेल्या राजाला ती "थांब" म्हणते. हे "थांब" अगदी वरच्या सुरात, चौदा मात्रा अजिबात न थांबता म्हणायचं असतं. लोक त्या एका शब्दासाठी तिकीट काढतात, आणि ते संपेपर्यंत राजा बिचारा एक पाय नावेत ठेवून ताटकळतो.

या शब्दाचा राणीसाहेबांना भारी अभिमान. पेटीवरची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सूर. चांगल्या चांगल्या बायकांना ती चढी पडते. "लग्नात होते त्याच्या दुप्पट झाले," त्या गिऱ्हाइकांना ऐकवायच्या, "पण काळी चार सुटली नाही. सुटेल त्या दिवशी मुकुट खाली ठेवीन." हे त्यांनी इतक्यांदा आणि इतक्या जणांसमोर सांगितलं होतं की माघार घ्यायला जागाच उरली नव्हती.

वयाच्या बाबतीत दुसऱ्यांशी मात्र त्या फार नाजूकपणे वागत. नंबर वाढला म्हटलं की काही माणसांचं तोंड उतरतं, ती नव्या चष्म्याशिवायच घरी जातात आणि जिन्यात पडतात. अशांना राणीसाहेब सांगत, "नंबर तोच आहे हो, काचा तेवढ्या घासल्या गेल्यात, नव्या बसवू," आणि आत जाऊन नवऱ्याला खुणेनं वाढीव नंबर सांगत. माणूस नवा चष्मा घालून म्हणे, "बघा, काचेचाच दोष होता." असं म्हणणाऱ्यांत पहिले होते त्यांच्याच नाटकातले पेटीमास्तर. बारा वर्षांपूर्वी राणीसाहेबांनी त्यांना नंबर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा मास्तर त्या खुर्चीत अर्धा तास बसून राहिले होते. "म्हणजे पेटी सोडायची वेळ आली," एवढंच म्हणाले होते. मग राणीसाहेबांनी सगळा दोष काचांवर ढकलला, आणि तेव्हापासून मास्तरांचा नंबर कागदोपत्री हलला नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सोमवारी मास्तर न्हाणीघरात घसरले आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. रविवारच्या प्रयोगाला त्यांची भाची पेटीवर बसणार असं ठरलं. पोरगी हुशार, संगीताच्या कॉलेजात शिकलेली आणि स्वभावानं नको तितकी व्यवस्थित. गुरुवारी सकाळी तालमीला ती मामांचीच पेटी घेऊन आली.

"बाई, पट्टी कोणती?"

"काळी चार. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

पोरीनं काळी चार धरली. तबलजीनं कान टवकारले, मग निमूटपणे हातोडी घेऊन तबला चढवायला लागला. चढवता चढवता त्याच्या कपाळाला घाम आला. पहिलं कडवं राणीसाहेबांनी कसंबसं रेटलं. पण "थांब"ला सूर वर गेला आणि तिसऱ्या मात्रेला गळा फाटला. घोट पाणी पिऊन त्यांनी पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. नऊ वर्षं राणीच्या सखीचं काम करून मनातल्या मनात मुकुट घातलेली बाई हळूच पुढे सरकून उभी राहिली.

राणीसाहेबांनी दोन दिवस गरम पाणी, वाफ, मौन, सगळं करून पाहिलं. गेल्या रविवारी होता तो गळा चार दिवसांत जातो कुठे, हेच त्यांना उमगेना. "अगं, होतं असं, सर्दी असेल," नवरा म्हणाला. "सर्दी नाही, अहो. संपलं," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. मुकुट कापडात गुंडाळून त्यांनी सखीकडे पाठवायला बाहेर काढून ठेवला. बोलल्या शब्दाला जागायचं तर दुसरा इलाज नव्हता. पण अठरा वर्षांचे रविवार हातातून सुटायचे होते, आणि पुढच्या रविवारी दुपारी आपण काय करायचं, हे त्यांना काही केल्या सुचत नव्हतं.

शनिवारी सकाळी भाची दुकानात आली. नाकावरून चष्मा घसरतोय हे निमित्त.

"बाई, तालमीत माझं काही चुकलं का?"

"तुझं कशाला चुकेल? माझाच गळा गेला."

"नाही, मला आपली शंका आली. मामांच्या पेटीला तो खटका आहे ना, सगळ्या पट्ट्या एकदम खाली-वर सरकवायचा? तो तीन घरं खाली होता. म्हणजे बोट काळी चारवर ठेवलं तरी वाजणार पांढरी चार. कुणाचा तरी धक्का लागला असेल म्हणून तालमीआधी मी तो जागेवर आणला. मामांना विचारणार होते, पण ते औषध घेऊन झोपले होते."

राणीसाहेबांच्या हातातला स्क्रू घरंगळत काउंटरखाली गेला. इतकी वर्षं त्या रंगमंचावरून मास्तरांच्या बोटांकडे बघत आल्या होत्या. बोट नेहमी काळी चारवरच. आणि तबलजी मधूनमधून "हवा मानवत नाही" म्हणत तबला उतरवायचा, ती हवा कुठली होती तेही आता कळलं. "दुकान बघा हो," असं आत ओरडून त्या चपला घालून निघाल्या.

मास्तर खुर्चीत बसून, प्लॅस्टरवर पेपर टेकवून वाचत होते.

"किती वर्षं?" राणीसाहेबांनी दारातूनच विचारलं.

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. भाची कुठे गेली होती ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. "पहिलं घर अकरा वर्षांपूर्वी," ते म्हणाले. "तुम्हाला खोकला झाला होता. म्हटलं, खोकला गेला की परत वर नेऊ. पण त्या दिवशी तुम्ही इतक्या मोकळ्या गायलात की माझा हात होईना. दुसरं पाच वर्षांपूर्वी. तिसरं गेल्या साली."

"आणि मी आपली गावभर मिरवतेय, काळी चार, काळी चार. तुम्ही सगळे गालातल्या गालात हसत असाल."

"हसलं कुणी नाही, बाई."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मुकुट खाली ठेवला असता. तसं तुम्हीच म्हणत होतात." मास्तर जरा घुश्शात आले. "वयापरत्वे सगळ्यांचंच उतरतं, त्यात लाजायचं काय? आमच्यासारखं एखाद्याचं असतं नशीब. आता माझे डोळे बघा. अठरा वर्षं झाली, सव्वा म्हणजे सव्वा. नंबर तसूभर हलला नाही."

राणीसाहेबांनी बोलायला तोंड उघडलं. मास्तरांच्या नाकावरचा चष्मा त्यांच्याच दुकानातला होता. त्याच्या काचा अडीचच्या होत्या, आणि बारा वर्षांत तीनदा त्यांनी स्वतः त्या वाढवून दिल्या होत्या. येताना रस्ताभर घोकलेलं सगळं भांडण त्यांच्या तोंडातच राहिलं. त्यांनी मास्तरांच्या पायाशी पडलेला पेपर उचलून दिला आणि म्हणाल्या, "हाताला जपा."

रविवारी सखी वेळेआधी तासभर येऊन बसली होती. राणीसाहेब आल्या त्या मुकुट काखोटीला मारून. भाचीनं खालच्या आवाजात विचारलं, "बाई, खटका तीन घरं सरकवून ठेवू का? कुणाला कळणार नाही."

"नको. पेटी जागेवर राहू दे," राणीसाहेब म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी पार शेवटच्या खोलीतल्या रंगवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "पांढरी चार धर. आजपासून माझी पट्टी पांढरी चार."

हे म्हणताना त्यांचे कान तापले. तबलजी खाली बघू लागला, सखीनं सुस्कारा सोडला. आकाश काही कोसळलं नाही. दुसऱ्या अंकात "थांब" आलं, चौदा मात्रांवर थांबायचं असताना सोळा झाल्या, आणि राजाच्या पायाला मुंग्या आल्या. पहिल्या रांगेत गळ्यात हात अडकवून बसलेल्या मास्तरांना टाळ्या वाजवता येईनात, म्हणून ते डाव्या हातानं मांडीवर थापा मारत होते.

सोमवारी दुकान उघडलं तेव्हा मास्तर पायरीवर उभेच होते. आत येऊन ते थेट तक्त्यासमोरच्या खुर्चीत बसले.

"सगळ्यांसमोर पांढरी चार म्हणालात."

"म्हणाले."

मास्तरांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि काचांवरून बोट फिरवलं. "सव्वाच्या काचा इतक्या जाड नसतात, एवढं मलाही कळतं. बारा वर्षं कळतंय. आता खरा आकडा सांगा."

"अडीच."

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं होतं. नवरा आतून ऐकत असणार. मास्तरांनी विचारलं, "मग पेटी सोडावी लागेल का?"

"लागेल ना," राणीसाहेब म्हणाल्या आणि त्यांच्या चष्म्याची सैल झालेली काडी घट्ट करायला घेतली. "हात बरा होईपर्यंत."