कमी सोडियमचं मीठ

आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा मी म्हैसूरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते, आणि त्याचा मला भलताच ताठा होता. पेशीच्या पडद्यातून काय आत जातं आणि काय बाहेर येतं, हा धडा तर माझा हातखंडा. फळ्यावर पेशी काढायची, आत पोटॅशियम भरायचं, बाहेर सोडियम, आणि पडद्यात बसलेला पंप. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. आतबाहेरचा हा फरक टिकला तरच हृदय चालतं, असं म्हणत मी टेबलावर बोटांनी ठोके द्यायची. मुली हसायच्या.

आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी बजावलं की मीठ अगदी नावाला, आणि पोटॅशियमपासून लांब राहा, कारण ते बाहेर टाकायची ताकद आता हिच्यात नाही. केळी बंद, एळनीर म्हणजे शहाळ्याचं पाणी बंद. घरात आम्ही दोघीच. धाकटी बहीण सरगूरला दिलेली, ती महिन्यातून एकदा येऊन जायची. मग स्वयंपाकघर मीच ताब्यात घेतलं. बटाटा, भोपळा बारीक चिरून कोमट पाण्यात तास-दोन तास ठेवायचा, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी घालायचं. जिथं जास्त तिथून जिथं कमी तिथं पोटॅशियम आपण होऊन निघून जातं, हे मी आईला शिकवत बसायची.

"सगळं तू धुऊन टाकतीस," ती म्हणायची, "मग मला काय उरतं गं?"

तिला उरत नव्हतं ते मीठ. आमच्याकडे पान मांडलं की आधी डावीकडच्या कोपऱ्यात मीठ वाढायचं, मग बाकीचं. तो कोपरा रिकामा ठेवून जेवायला वाढणं म्हणजे आईला अपमानच वाटे. ती त्या रिकाम्या जागेकडे बघायची, सारूभाताचे दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. "उप्पु नाही तर ऊटा कसला, जेवण कसलं? साकु, पुरे मला." तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. मला तिचा राग यायचा, आणि राग आल्याची लाज वाटायची.

एके दिवशी देवराज मोहल्ल्यातल्या एका दुकानात मला ते पाकीट दिसलं. मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, कमी सोडियमचं मीठ. "बीपीवाले सगळे हेच नेतात, मिस," दुकानदार म्हणाला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं ते सोडियमसाठीच, मग यात आक्षेप कसला? आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही, असं वाटून मी दोन पाकिटं उचलली. विचारावं असं कुणी मनातसुद्धा आलं नाही. मी कुणाला विचारणार? लोक मला विचारत.

त्या दुपारी मी पानाच्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ वाढलं. सारूत तर सढळ हातानं घातलं, कारण ते नेहमीच्या मिठापेक्षा अळणी लागत होतं. आईनं भुरका मारला आणि डोळे मिटले.

"आज सारूला रुची आली बघ, निजवागलू, खरंच! हुशार माझी लेक."

पुढचे दहा-अकरा दिवस ती पोटभर जेवली. इतकी खूश मी आयुष्यात क्वचितच होते.

मग एका डायलिसिसच्या सकाळी तिला पलंगावरून उठताच येईना. "पायात शक्तीच नाही गं, येन माडोदु, काय करू?" एवढंच म्हणाली. रिक्षानं नेलं. मशीन लावायच्या आधीच तिचं हृदय थांबलं.

रक्तात पोटॅशियम फार चढलं होतं, डॉक्टर म्हणाले. काय खाल्लं होतं? मी धडाधड पाढा वाचला. केळं नाही, एळनीर नाही, बटाटासुद्धा दोनदा पाण्यातून काढलेला. "तुम्ही तर सगळं नीट केलंत," ते म्हणाले. मी मान हलवली.

तेराव्यानंतर फळी आवरताना ते पाकीट हातात आलं आणि मी पहिल्यांदाच त्याची मागची बाजू वाचली. जेवढं सोडियम काढलं होतं, तेवढ्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलं होतं. खाली बारीक अक्षरांत, मूत्रपिंडाचा विकार असल्यास वापरू नये. भाजीतून दोन-दोन तास जे बाहेर काढत होते, तेच मी चमच्यानं परत घालत होते. ते तिच्या रक्तात साचत गेलं, आतबाहेरचा फरक उरला नाही. हे कळायला मला पाकीट वाचायचीही गरज नव्हती. हा माझाच धडा होता.

तो धडा मी निवृत्त होईपर्यंत शिकवला. टेबलावर बोटं मात्र पुन्हा वाजवली नाहीत. कुणाला सांगितलंही नाही. माफी मागायची ती जिच्याकडे, ती मला हुशार म्हणून गेली, आणि यातून माझी सुटका नाही हे मी केव्हाच ओळखलं आहे.

बहीण अजून सणाला येते, आग्रहानं मलाच बसवते आणि स्वतः वाढते. "अक्का, तुझ्यामुळं आई शेवटचे दिवस तोंडाला रुची घेऊन जेवली," दर वेळी म्हणते, आणि माझ्या पानाच्या कोपऱ्यात आधी मीठ वाढते. मी हो म्हणते आणि जेवायला लागते.