पाचव्या दिवसाची शिकेकाई

शिकेकाई उकळल्याचा वास आला की अजून माझ्या ओटीपोटात कळ येते. राणीसावरगावच्या सासरी मला दिवस गेले आणि दुसऱ्याच महिन्यात गर्भ पडला. तिसरा लागेपर्यंत दिवस गेल्याचं कुणाला सांगायचं नसतं, म्हणून सासूने ते रक्त पाळीचंच ठरवलं आणि मला चार दिवस बाजूला बसवलं. पाचव्या दिवशी शिकेकाई उकळून डोक्यावरून न्हायला बोलावलं. रक्ताच्या गाठी अजून पडतच होत्या. "थांबलं न्हाई हो," मी म्हणाले. "नाटकं करायलीस? कापूस कोण येचणार?" म्हणत तिने केस धरून मला न्हाणीत ओढलं, डोक्यावर कढत पाणी ओतलं. फरशी लाल झाली. मी तिच्या हातातला तांब्या हिसकावला आणि भिंतीवर असा आदळला की तो चेपला. आवाज ऐकून शेजारची नर्सबाई धावत आली. "पाळी न्हाई ही!" ती सासूवर कडाडली. "गर्भ पडल्यावर दहा-पंधरा दिस रक्त जातंय. तासाला दोन-दोन पॅड भिजायले तर दवाखान्यात न्यायचं, का न्हाणीत?" त्याला कैक वर्षं झाली; आता मीच सासू आहे. गेल्या महिन्यात माझ्या सुनेचाही गर्भ तसाच पडला. पाचव्या सकाळी शिकेकाई चुलीवर चढली होती, माझ्याच हाताने. वास आला तेव्हा मी पातेलं उचललं आणि अंगणात पालथं केलं.