संध्याकाळपर्यंत टिकेल असं अत्तर

आमच्याकडे लग्नात पाहुण्यांच्या मनगटावर अत्तर लावतात. मी शिकवतो त्या रोह्याच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं तिथेच लग्न होतं, सकाळचा मुहूर्त होता. मांडवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाने माझा हात पुढे ओढून त्यावर खसाचं अत्तर लावलं. पुढे दिवसभर जेवण, गप्पा, परतीचा प्रवास यांत मी ते विसरूनही गेलो. पेणजवळच्या आमच्या गावी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. बायको स्वयंपाकघरातून हताश चेहऱ्याने बाहेर आली आणि म्हणाली, आईंनी आज पण काही खाल्लं नाही. सकाळपासून दोन घोट चहा, बस्स.

आईला काचबिंदूने आंधळं केलं त्याला बरीच वर्षं झाली. उजेड आहे की अंधार, एवढंच तिला कळायचं. त्यावर आता विसरण्याचं दुखणं आलं होतं. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत रक्ताच्या बारीक बारीक गाठी होऊन गेल्यात, एकेक कप्पा बंद होत चाललाय. तिच्या आठवणीतून आधी शेजारणी गेल्या, मग सून गेली, मग मी. माझा आवाज तिला परका वाटायला लागला. परक्याच्या हातचं ती खात नसे. घास पुढे केला की तोंड घट्ट मिटून भिंतीकडे वळायची. तिचे दंड माझ्या दोन बोटांत मावतील इतके बारीक झाले होते.

त्या संध्याकाळी मी कपडेही न बदलता ताट घेऊन तिच्या खाटेशी बसलो. घास पुढे केला. तिने तोंड फिरवलं, आणि मग सावकाश परत माझ्याकडे केलं. माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं, नाकाजवळ नेलं.

"अहो, आलात?" ती म्हणाली. "किती उशीर."

आणि तिने तोंड उघडलं. त्या रात्रीचा सगळा भात तिने खाल्ला. बायको दारात उभी राहून तोंडाला पदर लावून रडत होती. मला आधी नुसता आनंद झाला. आपण कोण म्हणून तो घास भरवला हे मनात उतरायला वेळ लागला.

माझे वडील मिठागरावर कामाला होते. खाडीचा चिखल आणि मीठ अंगात मुरतं म्हणून ते सकाळी निघतानाच खस लावायचे. मिठात उभं राहणाऱ्याला अत्तर कशाला, म्हणून लोक हसायचे. ते तरीही लावायचे. ते जाऊन दहाएक वर्षं झाली होती आणि त्यांचा वास मी पार विसरलो होतो. आई सगळं विसरली होती, पण तेवढा विसरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रोह्याच्या बाजारातून मी खसाची कुपी आणली. घरी येऊन हातपाय धुतले, मनगटाला, मानेला अत्तर चोपडलं आणि आईजवळ बसलो. तिला शिंका आल्या. कोन हाय हा, म्हणून ती किंचाळायला लागली. मी मनगट पुढे करत राहिलो, तिने ते ढकलून दिलं. मला काही उमजेना. अत्तर तेच, वास तोच. बायकोच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली की लग्नाच्या दिवशी तुम्ही सकाळी लावलेलं होतं, जेवायच्या वेळी उरलासुरला वास होता. बाबा घरी यायचे ते संध्याकाळी. आईंना तोच माहीत असणार, दिवसभर घामात भिजलेला.

हे पटलं. पण ते जमवायचं कसं? मी सकाळी अत्तर लावून मोटारसायकलवर निघायचो. वडखळपासून नागोठण्यापर्यंत हायवेची धूळ, मग दिवसभर खडू, घाम, पुन्हा तीच धूळ. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत अंगाला खसाचा मागमूस नसे. असलाच तर तो मला कळत नसे, कारण दिवसभर आपल्याच अंगाचा वास घेऊन नाक मरतं. दारात आलो की बायको माझं मनगट नाकाला लावायची. बऱ्याचदा ती नुसती मान हलवायची, आणि आम्हाला दोघांनाही कळायचं की आज आई उपाशी राहणार.

मग मी मिळेल तिथून विद्या गोळा करायला लागलो. दुकानदाराने सांगितलं की मनगटं एकमेकांवर घासू नका, घासल्याने वास लवकर उडतो. नुसतं टेकवा. आंघोळीनंतर अंग जरा ओलसर असतानाच लावा. मी तसं केलं. दुपारपर्यंत टिकायला लागलं. बायकोने मोबाइलवर बघून आधी व्हॅसलीनचा हात फिरवायला सांगितला. वास संध्याकाळपर्यंत राहिला, पण आई मनगट हुंगून गोंधळली आणि दवाखान्यात कशाला आणलंत म्हणून रडायला लागली. मानेवर, कोपराच्या लवणीत, कानामागे, सगळीकडे लावून झालं. जास्त लावलं तर शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. मुलं मागच्या बाकांवरून हसायची. दिवसभर मी हात धुवायला घाबरायचो. डबा चमच्याने खायचो. पन्नाशीचा माणूस, मराठीचा मास्तर, आणि माझं सगळं चित्त मनगटाच्या दोन बोटं कातडीवर.

तोड आईनेच सांगितली. एका रविवारी सकाळी मी आंघोळ करून तिच्याजवळून जात होतो. अत्तर ताजं होतं, तरी त्या दिवशी का कोण जाणे तिने ओळखलं. म्हणाली, "आज पण तेल नाय लावलात? मीठ अंगातलं तेल खातं. आधी खोबरेल, मग अत्तर. किती वेळा सांगू तुम्हाला?"

मी तिथेच तिच्या पायाशी बसलो. सोमवारी मनगटाला आणि मानेला खोबरेल चोळलं, मुरू दिलं, वर अत्तराचा थेंब टेकवला. संध्याकाळी दारात बायकोने हुंगलं आणि तिचे डोळे मोठे झाले. खोबरेल, खस आणि घाम यांचा मिळून जो वास झाला होता, तो तिलाही ओळखीचा वाटला. नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासऱ्यांच्या पाया पडताना यायचा तसा.

त्यानंतरचे काही महिने आई रात्रीचं जेवली. गालांवर थोडं मांस आलं. मला ती मिठागरावरचं विचारायची. मी लहानपणी ऐकलेलं आठवून सांगायचो की आज खाडीचं पाणी घेतलं, वाफ्यात मिठाची साय धरलीय. ती व्हय व्हय म्हणत चावत राहायची. एक जेवण संपायला तास जायचा. मला त्या तासाची ओढ लागली होती आणि भीतीही वाटायची. कारण मधेच ती आवाज खाली आणून एक गोष्ट हमखास बोलायची.

"पोरगा येत नाय हो आपला. रोह्याला असतो म्हणे. एवढं काय ते लांब हाय? तुम्ही सांगा ना त्याला जरा."

"सांगतो," मी म्हणायचो.

"रागावू नका. नुसतं सांगा, आई वाट बघते."

पहिल्यांदा मला हे झेपलं नाही, ताट तसंच ठेवून मी परसात गेलो. नंतर सवय झाली असं म्हणता येणार नाही. मी घास पुढे करायचो, एवढंच. वास जितका चांगला टिकायचा, तितकी ती पोटभर जेवायची आणि तितकी खात्रीने मुलाची तक्रार करायची. मी नीट लावलं तर तिचा मुलगा आलेला नसे. नाही लावलं तर ती उपाशी. याच्या मधलं मला काही सापडलं नाही.

दुपारचं जेवण तर राहिलंच होतं. मी शाळेत, घरी बायको एकटी. अशक्तपणामुळे आईला सकाळी उठताना भोवळ यायची. तेव्हा बायकोने ठरवलं की आपणच सकाळी आपल्या मनगटाला तेल आणि अत्तर लावायचं, दुपारपर्यंत मुरू द्यायचं आणि भरवायचं. बिचारीने मला विचारलंसुद्धा नाही, मला बरं वाटावं म्हणून. आईने तिचा हात धरला, हुंगला. मग वर चाचपत गेली. बांगड्या लागल्या.

"तू कोन गो?" तिने विचारलं. "त्यांचा वास तुझ्या अंगाला कसा?"

पुढचं मला बायकोने आणि शेजाऱ्यांनी सांगितलं. आईने ताट उडवलं. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली म्हणून छाती पिटली. बायको फरशीवर सांडलेलं भरत होती तेवढ्यात ती भिंत धरत धरत बाहेर पडली आणि दिसेल त्याला, म्हणजे ऐकू येईल त्याला, माहेराची वाट विचारत सुटली. तिचं माहेर रोह्याकडचं. बायको तिच्या मागे अनवाणी धावली, पण तीच तर ती दुसरी बाई, ती जवळ गेली की आई दगड उचलायची. शाळेत फोन आला तेव्हा मी वर्गावर होतो. धडा तसाच टाकून निघालो. पोचलो तेव्हा गावाबाहेरच्या बांधावर, भर उन्हात, ती पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि चारपाच माणसं लांब उभी होती. मी वाऱ्याच्या बाजूने गेलो. कसा काय तो विचार सुचला मला कळत नाही, पण मुद्दाम वाऱ्याच्या बाजूने गेलो.

तिने मान वर केली. "मला ठेवायची नसेल तर सांगा," ती म्हणाली. "मी जाते."

गावकऱ्यांच्या समोर माझ्या आईची समजूत मी तिचा नवरा होऊन काढली. दुसरं कोणी नाही, तूच आहेस, असं म्हणालो. म्हणताना कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. बायकोने त्यानंतर अत्तराला हात लावला नाही. माझा एक वापरलेला शर्ट दुपारी आईच्या खाटेवर ठेवून पाहिला, कापडावर वास जास्त टिकतो म्हणून. आईने तो चाचपला, आत माणूस नाही हे ताडलं, आणि कपडे काठावर टाकून माणूस खाडीत गेला म्हणून आकांत केला. शर्ट धुऊन टाकला.

एकदा मला हे सगळं असह्य झालं. सुट्टीचा दिवस होता. साबण लावून लावून मनगटं लाल होईपर्यंत घासली, धुतलेला सदरा घातला आणि जाऊन म्हणालो, "आई, मी आलोय. तुझा मुलगा."

ती खाटेच्या कोपऱ्यात सरकली. मी हात धरला तेव्हा तिने तो हिसडून सोडवून घेतला.

"अहो," तिने हाक मारली, माझ्या डोक्यावरून, दाराच्या दिशेने. "अहो, बघा ना, कोन शिरलाय घरात."

मी बाहेर आलो. ताजं अत्तर लावून उपयोग नव्हता, ते मुरायला दिवस जायला हवा होता. त्या दिवशी ती जेवली नाही. मीही नाही.

थंडीत तिला सर्दी झाली, छाती भरली, मग छाती मोकळी झाली. पण संध्याकाळी मी मनगट पुढे केलं तर तिने ते हुंगलं नाही. मी नाकाशी नेलं. काहीच नाही. सर्दी असेल म्हणून आम्ही थांबलो. सर्दी गेली. मी अत्तर वाढवलं, तेल वाढवलं, दुसऱ्या दुकानातून उंची खस आणला, मनगटावर कातडी सोलवटेपर्यंत लावत राहिलो. बायकोने तव्यावर सुके बोंबील भाजून तिच्याजवळ नेले, धुराने आम्ही दोघं खोकलो, आई स्वस्थ होती. डॉक्टर म्हणाले, वास कळणं गेलंय, सर्दीने असेल, विसरण्याच्या आजारानेही असेल, परत येईल असं सांगता येत नाही. तरी मी सकाळी लावतच होतो. एक दिवस बायकोने न्हाणीघराच्या दारात उभं राहून माझ्या हातातली कुपी काढून घेतली. आता पुरे, एवढंच म्हणाली. मी मोठ्याने रडलो. वडील गेले तेव्हाही इतका रडलो नव्हतो.

आईचं खाणं बंद होईल आणि ती जाईल असं आम्ही धरून चाललो होतो. तसं झालं नाही. वासाबरोबर तिची भीतीही गेली. ओठाला चमचा लागला की तोंड उघडतं, मग चमचा कोणाचाही असो. बायको भरवते, शेजारीण भरवते. ती कोणाची वाट बघत नाही, कोणाला हाक मारत नाही. मुलाबद्दलही विचारत नाही. लोक म्हणतात, आता बरं आहे, जेवते तरी.

सध्या उन्हाळ्याची सुट्टी आहे, म्हणून दुपारचं मी भरवतो. मऊ भात, वरण, थोडं मीठ. प्रत्येक घासाला मी "आई" म्हणतो. आता त्याला ती हरकत घेत नाही.