निळवणचा मोजणीदार

"आधी चतुःसीमा सांग."

कुठलीही गोष्ट सांगायला गेलं की दादांचं हे वाक्य ठरलेलं. ते बोलताना उजवा हात पुढं यायचा आणि चार बोटं एकेक करून मिटायची. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं तरी तेच. "पोरगा कसाय ते नंतर. घर कुठं? बाजूला कोन राहतं? मागं काय, नाला का रस्ता?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना अधांतरी काही चालत नाही.

शहापूरच्या आमच्या भूमापन कचेरीत ते मोजणीदार होते आणि मी कारकून. त्यांचं गाव मुरबाड तालुक्यात, म्हशाच्या अलीकडं. मोटारसायकलला मागं टेपाची पिशवी आणि पुढं जेवणाचा डबा लटकवून रोज यायचे. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. त्यांचं नाव लिहीत नाही. जे सांगायचं आहे त्यात लाज माझी आहे, त्यांचं नाव त्यात कशाला?

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर काहीतरी लिहीत होतो. दादांनी डबा सरकवून विचारलं, "एवढं काय लिवतोस रे? अर्ज हाय का कोनाचा?"

मी संकोचत सांगितलं. हा एक ऑनलाइन खेळ आहे. फोनवर ग्रुप केलाय. मी निळवण नावाचं एक राज्य रचलंय आणि सूत्रधार मी. खेळणाऱ्यानं एकेक पात्र घ्यायचं, आपलं पात्र काय करतं ते लिहायचं, मग पुढं काय घडतं ते मी लिहितो. एखादी गोष्ट साधेल की फसेल असा प्रश्न आला की मी घरी फासा टाकतो आणि आकडा ग्रुपवर सांगतो. हरणं-जिंकणं नाही, गोष्ट चालत राहते. चाळिशीतल्या माणसाला हे सांगताना कान गरम होतात. माझेही झाले.

दादा हसले नाहीत. चार बोटं पुढं आली. मला एकही बाजू सांगता येईना. राज्य रचून चार महिने झाले होते आणि त्याच्या पूर्वेला काय आहे हे राज्यकर्त्यालाच ठाऊक नव्हतं.

"मंग राज्य कसलं ते," दादा बोलले. "मला घे त्यात. मोजून देतो."

खेळणारे आणखी दोघं होते. मुरबाडच्या कॉलेजातल्या एक मॅडम, त्यांचं पात्र चेटकीण. आणि धसईहून भाजी नेणारा एक टेम्पोवाला, त्याचं पात्र अर्थातच तलवारबाज. मी दादांना म्हटलं, तुम्ही धनुर्धर व्हा. ते म्हणाले, "नको. मोजणीदारच लिव." अख्ख्या निळवणात शस्त्र नसलेला तो एकटाच.

पहिल्याच महिन्यात मी सगळ्यांना दरोडेखोरांच्या वेढ्यात अडकवलं. तलवारबाज तलवार उपसूनच उभा. दादांनी लिहिलं, "मोजणीदार विचारतो, तुम्ही सगळे उभे आहात ती जमीन कोणाची?" मी फासा टाकला. सहा पडला. मग मलाच लिहावं लागलं की दरोडेखोरांपैकी दोघं सख्खे भाऊ आहेत आणि त्यांचा बांधावरून जुना वाद आहे. ते आपसातच जुंपले. आमची माणसं मधून चालत निघून गेली. टेम्पोवाला आठवडाभर धुसफुसत होता. "दादा, माझी तलवार गंजली."

दुसऱ्या वर्षी म्हशाची जत्रा पाहून आले आणि तसाच गुरांचा बाजार त्यांनी निळवणात भरवायला लावला. माझ्या आखणीत तो दोन दिवसांचा होता. दादांनी बैल बघण्यात पाच महिने घालवले. दात बघितले, खूर बघितले, चालवून बघितला.

"दादा, राजकन्या कैदेत हाय तिकडं!" टेम्पोवाला.

"असू दे. लंगडा बैल घेऊन गेलो तं पोचू का तिच्यापरत?"

शेवटी त्यांनी एक पांढरा, एका कानाला काळा डाग असलेला बैल घेतला. त्या दिवशी मॅडमनी कॉलेजात पेढे वाटले म्हणे, कारण न सांगता.

त्यांचं खरं काम मी एकदाच जवळून पाहिलं. मोजणीला शिपाई आला नव्हता म्हणून मला धसईकडच्या एका शेतावर घेऊन गेले. टेपाचं एक टोक माझ्याकडे. मी ऊन चुकवायला जरा झाडाकडं सरकलो आणि टोक सैल धरलं. शंभर पावलांवरून त्यांना ते कळलं. आकडा लिहिलेला खोडला, चिखलातून बांधभर परत आले, माझा हात धरून दगडावर टेकवला आणि पुन्हा तितकेच चालत गेले. दोन्ही टोकं स्वतः पाहिल्याशिवाय आकडा मानायचा नाही, हा त्यांचा नेम.

खेळ सहा वर्षं चालला. हळूहळू निळवण त्यांचं झालं. कुठल्या गावापासून कुठलं गाव किती लांब, कोणाचं शेत कोणाला लागून, हे मॅडम आणि टेम्पोवाला त्यांनाच विचारायचे. मी काही लिहिलं की दादांचा नम्र निरोप यायचा, "तिथं टेकडी हाय ना रे? मागल्या वर्षी तूच ठेवलीस." बरोबर असायचं. मी दुरुस्त करायचो. वरून हसायचो.

सहाव्या वर्षी गोष्ट तांबडी नदीच्या काठाशी आली. नदीपलीकडं अर्धं राज्य, कोणी न पाहिलेलं. तराफा बांधून तयार होता. दादांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. मला म्हणाले, "एकदा मोकळा झालो का पल्याडचं समदं मोजून टाकतो. तू फक्त तिकडं काय काय हाय ते ठेव."

त्याच सुमारास कल्याणची तीन नवी मंडळी यायला तयार होती. पण सहा वर्षांचं जुनं वाचणार कोण? त्यांना नवं राज्य, नवी सुरुवात हवी होती. आम्ही चौघांनी मतं घेतली. दादा आणि मॅडम जुनं चालू ठेवा म्हणाले. टेम्पोवाल्याच्या तलवारबाजाचा एक हात तुटला होता, त्याला नवं हवं होतं. मीही नवं म्हटलं. दोन-दोन झालं. मॅडम म्हणाल्या, मग फासाच टाका. सम पडला तर जुनं चालू, विषम पडला तर नवं.

"सर, टाकताना व्हिडिओ काढा की," टेम्पोवाल्यानं गंमतीत लिहिलं.

दादांनी लिहिलं, "त्याचा फासा हाय तो. व्हिडिओ कशाला?"

सकाळी चहा झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी फासा टाकला. चार पडला. मी ग्रुपवर लिहिलं, तीन.

थकलो होतो, नव्या लोकांना नाराज करायचं नव्हतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खरं ते नाही. राज्य मी रचलं होतं आणि लोक त्यांना विचारत होते. मला ते सहन होत नव्हतं. इतकंच आहे.

"बरं. पडला तो पडला," दादांचा निरोप आला.

नव्या खेळात त्यांनी नावाडी घेतला. तीनदा लिहिलं. मग कधी रेंज नव्हती, कधी भाताची लावणी होती. कल्याणची मंडळी पाच महिन्यांत पांगली आणि तो खेळही बसला. दादा निवृत्त झाले. त्यानंतर आठव्या महिन्यात सकाळी गोठ्यात गेले ते तिथंच बसले, उठलेच नाहीत.

तेराव्याला मी गेलो. वहिनी जेवणाची पानं बघत होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, ती नदी पार झाली का वो?"

मला आधी कळेना.

"ते रोज वाचून दाखवायचे. मी भाकऱ्या करायचे, ते वाचायचे. तो कानाला काळा डागवाला बैल मीच पसंत केला ना. मंग एक दिस बोलले, खेळ मिटला. मी बोलले, असा कसा मिटला? मानसं काठावर उभी ना?"

"नाही झाली वहिनी," एवढंच माझ्याकडून निघालं. चार पडला होता हे सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात मॅडमनी जुन्या ग्रुपवर अचानक लिहिलं. "पुन्हा खेळायचं का? जुनं पुढे न्यायचं, की नव्यानं मांडायचं?" एक अख्खा रविवार मी ते बघत होतो. संध्याकाळी लिहिलं: तेव्हा चार पडला होता. मी खोटं सांगितलं.

टेम्पोवाला लगेच आला. "च्यायला, सर." मग अर्ध्या तासानं, "ते तर व्हिडिओ नको बोलले."

तिसऱ्या दिवशी मॅडमची एकच ओळ आली. "नदीपासून पुढे लिहा."

"पन त्येंचं कोन लिवनार?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

मी म्हशाच्या वाटेनं त्यांच्या गावी गेलो. वहिनी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होत्या. चार आणि तीन, दोन्ही त्यांना सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"ते रुसले नव्हते भावजी," त्या म्हणाल्या. "फोन वाजला का बघायचे, परत चालू झालं का काय. मंग ठेवून द्यायचे."

त्यांनी सोललेले दाणे माझ्या पलीकडच्या सुपात ओतले.

"आता काय पायजे तुमाला?"

"तराफा पलीकडं लागला तर दादा आधी काय करतील?"

वहिनींनी शेंग हातात धरून विचार केला. "आधी पाय धुतील. चिखलाचे पाय घेऊन ते कुठं जायाचे नाय. मंग उभे राहतील जरा. बोलायचे नाय लगेच काय."

त्याच शब्दांत मी लिहिलं. तराफा टेकला. मोजणीदार उतरला. त्यानं पाय धुतले आणि तो उभा राहिला.

याला तीन आठवडे झाले. चेटकीण उतरली आहे. तलवारबाजानं एका हातानं बैल उतरवून घेतला. दोघं रोज विचारतात, सर, पुढं काय दिसतं? पुढची ओळ मी लिहायला घेतो. मोजणीदार ओल्या पायांनी काठावर उभा आहे, समोर बघतो आहे. त्याला तिथून हलवायला माझा हात धजत नाही.