व्हर्लिनचा उभा मैल

शेवटच्या दिवशी सकाळी व्हर्लिन रंगावरून माझ्यावर तणतणला. गॅरेजमध्ये वाळत ठेवलेलं रॉकेट बघायला गेला, तर ते पिवळंधमक.

"बारके, किती हात दिलेस याला?"

"एकच," मी म्हटलं. दिले होते दोन.

"रंगाला वजन असतं गं. ते वर कोण नेणार, तू?"

"आणि हरवलं तर शोधत कोण हिंडणार? मीच ना?"

 त्यानं कॉफी घेतली, रॉकेट जुन्या रजईत गुंडाळलं आणि पिकअपमध्ये मागे आडवं ठेवलं. माझ्यापेक्षा उंच होतं ते. लहान मूल झोपवावं तसं ठेवलं त्यानं, डोक्याखाली उशी सुद्धा.

व्हर्लिन माझा मोठा भाऊ. माझा नवरा गेल्यावर मी त्याच्याकडेच राहायला आले. त्यानं शाळा दहावीला सोडली आणि गावातल्या धान्याच्या कोठारावर एकतीस वर्षं काढली. आमच्या या कॅन्ससमध्ये ते कोठार सोडलं तर उंच असं काहीच नाही. रस्ते एकेका मैलावर, सरळ, रेघ मारल्यासारखे. लहानपणी आम्ही शाळेला चालत जायचो ते तीन मैल. तो म्हणायचा, "बारके, जन्मभर आडवेच मैल तुडवले. एकदा उभा मैल बघायचाय."

म्हणून हे रॉकेट. किटच आणलं होतं, जाड पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडचे पंख, खोक्यात सगळं. पण त्यानं त्यात अख्खा हिवाळा घातला. जेवायच्या टेबलावर पंख चिकटवायचे, एपॉक्सीचा वास सगळ्या घरात, माझ्या रश्श्याला सुद्धा तोच वास. पंख सरळ बसलाय की नाही ते बघायला दार उघडून चौकटीशी ताडून बघायचा. मोठी मोटर, म्हणजे रॉकेटचं इंजिन, उडवायची तर परीक्षा द्यावी लागते. दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा मी प्रश्न वाचले आणि तो भांडी घासता घासता उत्तरं पाठ करत गेला. पास झाला त्या दिवशी माझ्यासाठी पीच भरलेली गोड पेस्ट्री घेऊन आला, आणि अर्धी वाटेतच खाऊन आला.

रॉकेट क्लबची मंडळी कॉनरॅडच्या गव्हाच्या रानात जमतात. गहू निघालेला असतो, नुसती धसकटं. ड्वेन आमचा म्होरक्या, त्याच्या ट्रेलरवर एक फळा आहे. ज्याचं रॉकेट मैलावर गेलं त्याचं नाव त्यावर. तोंडी सांगून नाव लागत नाही. रॉकेटच्या पोटात काड्यापेटीएवढी डबी असते, ती उंची मोजते. खाली आल्यावर पीप पीप करून एकेक आकडा सांगते. ते पीप दुसऱ्या कुणीतरी कानानं ऐकायचे, मग नाव.

दुपारी व्हर्लिनचा नंबर आला. ड्वेननं पंख हलवून बघितले, हलले नाहीत. "व्हर्लिन, हे रॉकेट आहे का शाळेची बस?" म्हणाला.

"बहिणीला विचार," हा म्हणाला.

मग सगळे लांब जाऊन उभे राहिले. ड्वेननं पाचपासून उलटं मोजलं. व्हर्लिननं बटण दाबलं.

कसं सांगू. आधी नुसता उजेड. रॉकेट जागेवर नाहीच. मग आवाज आला तो छातीत आला, कानात नंतर. पायाखालची धसकटं थरथरली. पिवळा ठिपका चढत गेला, चढत गेला, माझी मान दुखायला लागली तरी चढतच होता. जो टेबलावर माझ्या मिठाच्या बरणीशेजारी पडून असायचा तोच हा. आम्ही चाळीसएक माणसं होतो, सगळ्यांच्या माना वर. मी व्हर्लिनकडे बघितलं. टोपी काढून छातीशी धरली होती त्यानं, चर्चमध्ये धरतो तशी.

मग पॅराशूटची मोठी छत्री रॉकेट खाली आल्यावर उघडायची, ती वरच उघडली. वाऱ्यानं रॉकेट पलीकडे नेलं, कॉनरॅडच्या ज्वारीवर, आणि दिसेनासं झालं.

आम्ही शोधलं. इकडची ज्वारी बुटकी, लाल कणसं कमरेच्या वर, उन्हाचा ताव. व्हर्लिन दर शंभर पावलांवर थांबायचा, हात वर करायचा. "गप. ऐक." डबी खाली पडल्यावर सुद्धा पीप करत राहते ना. पण नुसते नाकतोडेच वाजत होते. मी म्हटलं, "चल आता, उद्या बघू." तो म्हणाला, "अजून एक तास." तीन तास झाले.

शेवटी पिकअपच्या मागच्या फळीवर येऊन बसला. तोंड पांढरं पडलेलं. "गेलं असेल का गं मैलभर?"

"गेलं असेल."

"उगाच म्हणू नकोस."

मी ट्रेलरवरून बर्फाचा चहा आणायला गेले. येईस्तोवर तो आडवा झाला होता, रॉकेटच्या उशीवरच डोकं. मला वाटलं दमलाय. ड्वेननं पळत येऊन छाती दाबली, अँब्युलन्स आली. त्याचं हृदय बंद पडलं होतं. एकसष्ट वर्षांचा होता.

त्याला पाच आठवडे झाल्यावर कॉनरॅडनं ज्वारी काढायला घेतली. मला ड्वेनचा फोन आला, ट्रेलरवर ये. टेबलावर रॉकेट. एक पंख तुटलेला, नळी पावसानं फुगलेली, रंग मात्र तसाच.

"सगळ्या लालमध्ये हे एवढंच पिवळं दिसलं," कॉनरॅड म्हणाला. "नाहीतर मी मशीन वरून घातलं असतं."

ड्वेननं डबी काढली. आतून कोरडी होती, बॅटरी तेवढी संपलेली. म्हणाला, "शेवटची उंची ती विसरत नाही, नोरीन." नवी बॅटरी लावली. खडू हातात घेतला.

पाच पीप. थांबली. दोन. थांबली. सात. मग एक.

 मैलाला पाच हजार दोनशे ऐंशी फूट लागतात, ते मला सुद्धा पाठ होतं.

"नऊ फूट कमी," ड्वेन म्हणाला.

"रंगानं किती फूट जातात?"

त्यानं नखानं पंखाची कड खरवडून बघितली. "किती हात दिलेस?"

"दोन. त्यानं एकच द्यायला सांगितलं होतं."

ड्वेननं कॉनरॅडकडे बघितलं, मग फळ्याकडे. "मी लिहितो. नऊ फुटांनी काय होतंय."

"लिहू नकोस," मी म्हटलं. "तो पुसायला लावेल."

त्यानं खडू खाली ठेवला. मी डबीचं बटण बंद केलं आणि परत चालू केलं. पाच पीप. थांबली.